काळा फोन किलोच्या भावात देऊ नका

आजचा विषय आहे जुने टेलिफोन आणि ऑफिसातले इंटरकॉम.

मी समुद्रपूरचा. बीटेक केलं, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो आणि सुट्टीत गावी आलो की जुने फोन शोधत फिरतो. आमच्या भागात एखादी आडत किंवा जिनिंगचं जुनं ऑफिस आवरायला काढलं, की टेबलावरचा काळा फोन थेट भंगारात जातो, किलोच्या भावात. दुसरीकडे ऑनलाइन तसाच फोन ‘अँटिक’ म्हणून हजारोंना विकायला ठेवलेला दिसतो. मग खरी किंमत कोणती?

आधी तो ‘अँटिक’ शब्द बाजूला ठेवू. आपल्याकडे 1972 चा पुरावशेषांचा कायदा आहे. त्यात साधारणपणे शंभर वर्षांहून जुनी वस्तूच पुरावशेष धरतात. आपल्या घराघरांत दिसणारे बरेच फोन इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, म्हणजे आयटीआयचे. ती कंपनी बेंगळुरूत 1948 मध्ये सुरू झाली. म्हणजे आयटीआयचा एकही फोन अजून शंभरीला पोचलेला नाही! तो जुना आहे, देखणा आहे, पण कोणी ‘शंभर वर्षांचा आयटीआय’ म्हणून गळ्यात मारत असेल, तर सरळ पुढे चला.

दुसरं, चकचकीत पितळी फोन. लाकडी बैठक, राजवाड्यात शोभेल असा थाट. जवळून बघा. डायलच्या भोकांत बटणं बसवलेली असली, तर तो शोभेचा नवा माल आहे. घरात ठेवायला छान, पण पैसे शोभेच्या वस्तूचेच द्या.

मग खरा फोन कसा तपासायचा? हातात घ्या. बेकेलाइटचा असेल तर चांगला जड लागतो. अंगठ्याने जोरात घासून वास घ्या, औषधासारखा उग्र वास येतो. गरम सुई टोचून बघायचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका, कायमचा डाग पडतो. मग शून्य फिरवून सोडा. शून्य म्हणजे दहा पल्स, आणि डायलचा वेग सेकंदाला दहा पल्स. म्हणजे सेकंदभरात, न अडखळता, डायल जागेवर यायला हवी. आम्ही कोड लिहितो ना, तसंच हे: डायल परत येताना लाइन तेवढ्या वेळा तोडते आणि एक्स्चेंज ते मोजतं. डायलला कुलूप लावलेलं असलं तरी पोरं हुक टपटप दाबून फोन लावायची, ती करामत याच तत्त्वावर!

त्या कुलपाचे ओरखडे डायलवर दिसले तर पॉलिश करून घालवू नका. तो फोन वापरातला होता याचा तो पुरावा आहे. मूळ रिसीव्हर, मूळ डायल, मूळ वायर जितकी शाबूत, तितकी किंमत जास्त.

इंटरकॉमचं गणित वेगळं. एकटा इंटरकॉम म्हणजे अर्धीच वस्तू, कारण दुसऱ्या टोकाला कोणी नाही. साहेबाच्या टेबलावरचा आणि बाहेर बाबूकडचा, दोन्ही मिळाले तरच घ्या. वायरिंगचा कागद मिळाला तर सोनंच. आणि तो घरच्या टेलिफोन लाइनला जोडू नका. त्याची वीज वेगळी असते. टेलिफोनच्या लाइनवर घंटी वाजताना 75 व्होल्टच्या आसपास एसी येतो, चांगला झटका बसतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आमच्याच वर्धा जिल्ह्यात, सेवाग्राम आश्रमात एक टेलिफोन जपून ठेवलाय. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून तो बसवला होता, असं तिथे सांगतात. त्याच्यासमोर उभं राहून कोणी बेकेलाइटचा वास घेत नाही. कोण कोणाशी बोलायचं, हे माहीत आहे, म्हणून तो मोलाचा.

आपल्या घरचा फोन काही इतिहासात जाणार नाही. पण त्यालाही अशी गोष्ट असते, आणि ती सांगणारी माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्या काळी फोन आपल्या मालकीचासुद्धा नसायचा. तो टपाल आणि तार खात्याचा, आपण भाडं भरायचो. म्हणून जुनं बिल, अर्जाची पावती, डिरेक्टरीतलं नावाचं पान हेही फोनसोबत ठेवा. विकायचा झाला तरी अशा कागदांमुळे चांगला गिऱ्हाईक भेटतो.

तर यंदा गावी गेलात की एक काम करा. आजोबांना नाही तर आजीला विचारा: आपला नंबर काय होता? शेजारपाजारचे कोणाकोणाचे फोन आपल्याकडे यायचे? ट्रंक कॉल लागायला किती वेळ बसावं लागायचं? मोबाइलवर पाच मिनिटं रेकॉर्ड करा. फोन ठेवायचा की विकायचा, ते नंतर ठरवा. भंगारवाला काय, पुढच्या आठवड्यातही येतोच.

भेटू पुढच्या भागात. तोवर तुमच्याकडच्या फोनचा फोटो आणि त्याची गोष्ट नक्की पाठवा!