दुसऱ्याची गाडी आणि आपली जबाबदारी

(संस्थेच्या विद्यार्थी व पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हाला बोलण्यासाठी दिलेला विषय ऐकून काहींना वाटेल, की मोटारगाड्यांचा विमा हा गाडीवाल्यांचा विषय, आपल्यापैकी गाड्या आहेत किती जणांकडे? प्रश्न रास्त आहे. पण ज्याच्याकडे स्वतःची गाडी नसते, तोच दुसऱ्याची मागून नेतो. लग्नाला शेजाऱ्यांची जीप, दवाखान्यात जायला मित्राची मोटारसायकल, परीक्षेच्या दिवशी काकांची स्कूटर. गाडी एकाची आणि वापर दहा जणांचा, अशी आपल्या वस्त्यांची रीत आहे. ही रीत चांगली आहे, तिच्यामागे माणुसकी आहे. मात्र त्या गाडीच्या विम्याच्या कागदात काय लिहिले आहे, हे देणाराही वाचत नाही आणि घेणाराही वाचत नाही. आम्हीही वाचत नव्हतो. त्याची किंमत काय पडली, ते आधी सांगतो.

आम्ही बँकेत कारकून आहोत. शिक्षण कला शाखेचे. कायद्याचा अभ्यास नाही. पण बँकेत नोकरी म्हटली की याला सगळे कागद कळतात, असा नातेवाइकांचा समज असतो. काही वर्षांपूर्वी ऊसतोडणीच्या दिवसांत रात्री अकराच्या सुमारास मावशीचा फोन आला. आमचा मावसभाऊ पोलीस भरतीची तयारी करीत होता. मित्राची मोटारसायकल घेऊन तो गावी निघाला होता. रस्त्याच्या कडेला उसाने भरलेली ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही. अंधारात हा जाऊन धडकला आणि मांडीचे हाड मोडले. मावशीने विचारले, "बाळा, गाडीला विमा आहे म्हणतात. मग दवाखान्याचा खर्च मिळेल ना रे?" आम्ही क्षणाचाही विचार न करता उत्तर दिले, "विमा आहे ना, मग मिळेल. तू काळजी करू नकोस."

त्या एका वाक्यावर मावशीने मुलाला सरकारी दवाखान्यातून खाजगी रुग्णालयात हलवले. पोलिसांच्या जबाबात 'अंधारात मीच जाऊन धडकलो' एवढेच आले. ट्रॅक्टरचा नंबर कोणी घेतला नाही आणि सकाळ होण्याआधी ट्रॉली निघून गेली. विम्याचे पैसे मिळणारच आहेत, मग कोणाशी कशाला वैर घ्या, असा सर्वांचा विचार. पंधरा दिवसांनी मित्राची पॉलिसी आमच्या हातात आली. ती फक्त थर्ड पार्टीची होती. तिच्यातून मावसभावाला एक रुपयाही मिळाला नाही. मावशीने दागिने तारण ठेवले ते आमच्याच शाखेत, आणि त्या कर्जाच्या कागदांवर शिक्का मारला तोही आम्हीच. मुलाच्या मांडीत सळई बसली आणि भरतीचे धावणे कायमचे संपले.

हाड मोडले त्याला आम्ही जबाबदार नव्हतो. पण ते खोटे आश्वासन आमचे होते. म्हणून त्यानंतर आम्ही पॉलिसीचे कागद वाचायला बसलो, जाणकार वकिलांना विचारले, आणि जे समजले ते आपल्यासमोर ठेवीत आहोत.

पहिली गोष्ट. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी विमा असल्याशिवाय कोणतीही गाडी रस्त्यावर आणता येत नाही. थर्ड पार्टी म्हणजे तिसरा पक्ष. पहिला पक्ष गाडीचा मालक, दुसरा विमा कंपनी, आणि त्या गाडीमुळे ज्याला इजा झाली तो रस्त्यावरचा माणूस तिसरा. सक्तीचा विमा आहे तो या तिसऱ्या माणसासाठी. मग मित्राची गाडी मागून नेणारा कोण? आपल्याला वाटते तोही तिसराच. न्यायालय तसे म्हणत नाही. कर्नाटकातील एका प्रकरणात मागून आणलेल्या मोटारसायकलवरचा माणूस पुढे अचानक थांबलेल्या बैलगाडीवर आदळून मरण पावला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सांगितले, की गाडी मागून नेणारा हा मालकाच्या जागी उभा राहतो. तो त्या गाडीच्या विम्यापुरता तिसरा पक्ष ठरत नाही. २०२० साली राजस्थानातील एका प्रकरणात हेच पुन्हा सांगितले गेले. तिथे चूक समोरच्या दुसऱ्या मोटारसायकलची होती, पण वारसांनी दावा लावला तो मागून आणलेल्या गाडीच्या मालकावर आणि तिच्या विमा कंपनीवर. पॉलिसीत मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघाताचे जे १ लाख रुपये होते तेवढेच वारसांच्या हाती आले. ज्याची चूक होती त्या गाडीवर दावा लावायला हवा होता, असे न्यायालयाने म्हटले. आमच्या मावसभावाच्या बाबतीत ट्रॅक्टरचा नंबर का मोलाचा होता, हे हा निकाल समजल्यावर आमच्या ध्यानात आले.

मालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याबद्दलही गैरसमज आहे. २०१८ पासून ही रक्कम १५ लाख रुपये झाली आहे. ती ऐकून गाडी चालवणाऱ्या कोणालाही १५ लाख मिळतात असे लोक सांगतात. तसे नाही. हे संरक्षण मालक-चालकासाठी आहे. नोंदणी पुस्तकात ज्याचे नाव, पॉलिसीत ज्याचे नाव आणि ज्याच्याकडे वैध परवाना, त्या एकाच माणसासाठी. मागून नेणाऱ्याने त्यावर विसंबू नये. दुचाकीवर मागे बसणाऱ्याचेही तसेच. पॉलिसी फक्त सक्तीच्या थर्ड पार्टीची असेल, तर मागे बसलेला मित्र तिच्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालीच सांगितले आहे.

दुसरी गोष्ट देणाऱ्यासाठी. आपल्याकडे विमा गाडीबरोबर जातो. प्रचलित पॉलिसीच्या कागदात 'कोण चालवू शकेल' असे एक कलम असते. मालकासह कोणीही चालवू शकतो, परंतु अपघाताच्या वेळी त्याच्याकडे वैध परवाना हवा आणि परवाना धारण करण्यास तो अपात्र ठरलेला नसावा. शिकाऊ परवानावालाही चालतो, पण नियमाप्रमाणे शेजारी परवानाधारक शिकवणारा हवा आणि गाडीला पुढे-मागे 'एल' ही खूण हवी. म्हणजे मित्राला गाडी देणे हा गुन्हा नाही. परवाना न पाहता देणे ही चूक आहे. परवाना कोणत्या प्रकारचा तेही पाहावे. बिनगिअरच्या स्कूटरचा परवाना असलेल्या मुलाने गिअरची मोटारसायकल चालवली, तर त्या गाडीपुरता तो परवाना नसल्यासारखाच.

समजा परवाना नव्हता आणि गाडीने एखाद्या वाटसरूला उडवले, तर काय होते? सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या एका महत्त्वाच्या निकालाने त्या जखमी वाटसरूला संरक्षण दिले आहे. परवाना नव्हता एवढे सांगून विमा कंपनीला सहज सुटता येत नाही. मालकाचा दोष तिला सिद्ध करावा लागतो. तो सिद्ध झाला तरी अनेकदा न्यायालय सांगते, की आधी जखमीला द्या आणि नंतर मालकाकडून वसूल करा. जखमीच्या दृष्टीने हा न्याय आहे. पण ती वसुली येते कोणावर? ज्याने भिडेखातर किल्ली हातात दिली, त्या मालकावर. याशिवाय कायद्याच्या कलम १८० प्रमाणे परवाना नसलेल्याला गाडी चालवू देणाऱ्या मालकाला ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. आणि मुलगा अठरा वर्षांखालचा असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीने पालक किंवा मालक यांनाच दोषी धरले आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. दहावी पास झाला म्हणून मुलाच्या हाती मोटारसायकल देणाऱ्या पालकांनी हे आकडे लक्षात ठेवावेत.

इथे आणखी एक सावधगिरी. गाडी विकली, पैसे घेतले, पण नोंदणी पुस्तकात नाव तसेच राहिले, असे आपल्याकडे सर्रास घडते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे, की नोंदणीत ज्याचे नाव तोच कायद्याने मालक. गाडी चार हात पुढे गेली तरी नुकसानभरपाईची नोटीस पहिल्याच्या दारात येते.

तिसरी गोष्ट वापराची. खाजगी गाडीच्या पॉलिसीत 'भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर नाही' असे लिहिलेले असते. शेजाऱ्यांनी लग्नाला जीप प्रेमाने दिली आणि आपण डिझेल भरले, तर तो शेजारधर्म झाला. पण दिवसाचे इतके रुपये ठरवून पांढऱ्या पाटीची जीप नेली, तर तो धंदा होतो, आणि अपघातानंतर विमा कंपनी नेमके तेच विचारते. पॉलिसी 'पॅकेज' म्हणजे सर्वसमावेशक असेल तर गाडीची मोडतोड भरून मिळते, पण ठरावीक रक्कम मालकाला पदरची घालावी लागते आणि त्याचा नो क्लेम बोनस जातो. हा बोनस पहिल्या वर्षानंतर २० टक्के असतो आणि पाच वर्षे दावा न केल्यास ५० टक्क्यांपर्यंत चढतो. म्हणून गाडी नेणाऱ्याने 'विम्यातून होईल' असे म्हणून हात झटकू नयेत. मित्राचे नुकसान आपण भरून द्यावे, हाच प्रामाणिकपणा. नव्या दुचाकीला 'पाच वर्षांचा विमा आहे' असेही आपण ऐकतो. २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या मोटारीला तीन वर्षांचा विमा घ्यावा लागतो, तो थर्ड पार्टीचा. गाडीच्या स्वतःच्या मोडतोडीचा भाग अनेकदा एकाच वर्षाचा असतो आणि मालकालाही तो संपल्याचे कळत नाही.

चौथी गोष्ट टोचनाची. रस्त्यात कोणाची गाडी बंद पडली की आपण दोर बांधून ओढून देतो. मदत जरूर करावी. पण ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या स्टिअरिंगवरही परवाना असलेला माणूस हवा. दोन गाड्यांमधले अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको, दोर इतरांना स्पष्ट दिसायला हवा, मागच्या गाडीवर ती ओढली जात असल्याची पाटी हवी आणि वेग अगदी कमी हवा. ट्रक-टेम्पोसारख्या व्यापारी गाड्यांच्या प्रचलित पॉलिसीत एक बंद पडलेली गाडी मोबदला न घेता ओढायला मुभा असते. तेव्हा तिसऱ्या माणसाला इजा झाली तर त्याची जबाबदारी विम्यात येते, पण ओढल्या जाणाऱ्या गाडीची मोडतोड त्यात येत नाही. पैसे घेऊन ओढले तर ही मुभाही जाते. आपली गाडी अपघातात मोडली असेल, तर मोटारीच्या पॅकेज पॉलिसीत जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्याचा खर्च प्रचलित कलमाप्रमाणे १,५०० रुपयांपर्यंत मिळतो. मात्र मोडलेली गाडी दुरुस्तीआधीच चालवत नेली आणि नुकसान वाढले, तर ते वाढीव नुकसान मालकाच्या माथी. गॅरेजवाल्याची घाई ऐकू नये.

मित्रहो, मग गाडी मागायची नाही की द्यायची नाही? आम्ही तसे मुळीच म्हणत नाही. एकमेकांच्या आधारानेच आपण इथवर आलो आहोत. आम्ही एवढेच सांगतो, की किल्ली देताना परवाना विचारा आणि किल्ली घेताना पॉलिसी विचारा. ती कोणत्या तारखेपर्यंत आहे आणि थर्ड पार्टी आहे की पॅकेज, या दोन गोष्टी पाहायला मिनिटही लागत नाही. परवाना विचारला म्हणजे अविश्वास दाखवला, ही समजूत सोडून द्या. अपघात झालाच, तर आधी जखमीला दवाखान्यात न्या, मग समोरच्या वाहनाचा नंबर लिहून घ्या, फोटो काढा, पोलिसांत नोंद करा आणि जबाबात जे खरे घडले ते पूर्ण सांगा. विमा कंपनीला लगेच कळवा.

आणि विद्यार्थ्यांनो, ज्या गाडीचा विमा तुमच्यासाठी नाही, तिच्यावर बसण्याआधी स्वतःचा विमा काढा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना २०१५ साली सुरू झाली. बँकेत खाते असलेल्या १८ ते ७० वर्षांच्या कोणालाही ती घेता येते. वर्षाचा हप्ता २० रुपये. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास २ लाख रुपये. ही रक्कम मोठी नाही, दवाखान्याचा खर्चही तिच्यातून मिळत नाही, पण अडचणीच्या दिवशी घरच्यांना तेवढा हात मिळतो. फॉर्म एका पानाचा आहे. हप्ता दरवर्षी खात्यातून आपोआप वळता होतो. मे महिन्याच्या शेवटी खात्यात तेवढी शिल्लक ठेवली म्हणजे झाले. आज आम्ही ते फॉर्म सोबत आणले आहेत. आपापल्या बँकेत द्यायचे आहेत. भरताना अडले तर सभेनंतर आमच्याकडे या.

आमचा मावसभाऊ आता तालुक्याच्या गावी झेरॉक्सचे दुकान चालवतो. त्याच्या दुकानात येणाऱ्या मुलांना तो स्वतःहून सांगतो, "पॉलिसीची झेरॉक्स काढलीस, आता ती वाच." मावशीने आम्हाला त्या वाक्याबद्दल कधी बोल लावला नाही. त्यामुळे ते वाक्य आम्हाला अधिक आठवते. आपल्यापैकी कोणालाही उद्या रात्री असा फोन आला, तर न वाचलेल्या कागदाच्या भरवशावर 'मिळेल' असे म्हणू नका. "आधी पॉलिसी बघतो, मग सांगतो," एवढेच म्हणा.