लुगड्याचा प्रवास
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित भाग)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘काटकसरीचा संसार’ असं छापलंय. ते वाचून काहीजणी वही-पेन घेऊन आल्यात, हे मला इथून दिसतंय. त्यांना युक्त्या सांगेनच. पण आधी ही गोधडी टेबलावर पसरते.

हा हिरवा पट्टा माझ्या आजीच्या लुगड्याचा. नऊ वार लुगडं म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर सुती कापड. ते एखाद्या जागी विरलं की तेवढा भाग काढून टाकायचा आणि दोन धड तुकडे जोडायचे. याला ‘दंड घालणं’ म्हणत. दंडाचं लुगडंही थकलं की त्यातून बाळाची दुपटी, झबली निघायची. मग गोधडी. उरल्या चिंध्यांची फडकी, पोतेरं, आणि अगदी शेवटी पीळ देऊन काकडा.

या क्रमात एक शहाणपण आहे. कापड नवं असतं तेव्हा त्यात बळ असतं, म्हणून ते नेसायचं. धुऊन धुऊन ते मऊ होतं, म्हणून बाळाला. विरलं तरी पाणी शोषतं, म्हणून पुसायला. तेल शोषतं, म्हणून जाळायला. आजी कापड ‘वाचवत’ नव्हती. ते आता कशाला लायक आहे, हे ओळखत होती. माझ्या लेखी काटकसर ती हीच.

गोधडी शिवायची उन्हाळ्यात, शेतातली कामं थंडावल्यावर. अस्तर जमिनीवर ताणून घ्यायचं, वर जुन्या कापडाचे थर लावायचे, कडा दुमडायच्या आणि कडेकडून आत धावदोरा घालत यायचं. गोधडीची ऊब थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते. थर सरकू नयेत म्हणून टाके जवळजवळ घालायचे. बंगालची कांथा, बिहारची सुजनी या हिच्याच बहिणी. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका आपल्या गोधडीच्या, म्हणजे कवंदीच्या, चारही कोपऱ्यांवर घडी घातलेला चिमुकला तुकडा शिवतात, त्याला ‘फुला’ म्हणतात. जुनेरात झोपणाऱ्यालाही फूल हवंच असतं!

आता वहीवाल्यांसाठी. आपल्या कपाटातलं बरंचसं कापड सुती दिसतं, पण सुती नसतं. त्याचा एक धागा काढा, चिमट्यात धरा आणि काडीनं पेटवा. कागद जळाल्यासारखा वास आला आणि भुरभुरीत राख उरली, तर बहुधा सूत. धागा वितळून कडक मणी झाला, तर पॉलिएस्टरसारखं कृत्रिम कापड. त्याचं फडकं करू नका, ते पाणी पुसत नाही, नुसतं पसरवतं. गरम भांडं धरायला तर मुळीच घेऊ नका. त्याची बाजाराची पिशवी शिवा. ती पावसाळ्यातही पटकन वाळेल आणि लवकर फाटणारही नाही.

दुसरं, ‘टाकाऊतून टिकाऊ’ या मंत्रापासून जरा जपून. प्लास्टिकच्या बाटलीला चमकी चिकटवून केलेली फुलदाणी दिवाळीपर्यंत टिकते आणि मग कचऱ्यातच जाते. वर गोंद आणि चमकीचा खर्च वेगळा. तसंच ‘कधीतरी लागेल’ म्हणून माळ्यावर चढवलेले डबे. ज्याचं पुढचं काम ठरलेलं नाही, ती वस्तू राखणं म्हणजे काटकसर नव्हे, अडगळ.

आणि एक हिशेब राहिलाच. या गोधडीला कापडाचा खर्च शून्य, असं आम्ही कौतुकानं सांगतो. पण आजीच्या किती दुपारी यात गेल्या, तिचे डोळे किती शिणले, हे कोणत्या वहीत लिहिलं? घराची बचत होताना एकाच माणसाची कंबर मोडत असेल, तर तो खर्च आपण फक्त दुसऱ्याच्या नावावर टाकलेला असतो. काटकसर घराची असेल तर सुईही घराची हवी.

म्हणून मी आज ही गोधडी मुद्दाम तशीच आणली आहे. हा कोपरा उसवलाय. सुई-दोरा इथेच ठेवते. आभारप्रदर्शन होईपर्यंत सभागृहातल्या पुरुष मंडळींनी पुढे यावं आणि प्रत्येकी चार टाके घालावेत. वाकडे आले तरी चालतील. आजीचेही पहिले वाकडेच आहेत. इथे, या कडेला, बघा.