दोनशे किलोमीटरसाठी नाव दिले



मी बीआरएमला नाव दिले, हे गल्लीत झालेच आहे. ही शर्यत नव्हे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे. पहिला-दुसरा नंबर नाही. मदतीची गाडी मागे चालत नाही, पंक्चर आपणच काढायचे. हेल्मेट सक्तीचे, तेव्हा अंबाडा खाली घ्यावा लागणार!

पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ साली सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली, तेव्हा ती वीस वर्षांची. माझी चाळिशी उलटली. सासूबाई म्हणाल्या, "वाटेत काही झाले तर?" अर्जावरही तेच होते : काही झाल्यास जबाबदारी माझी. आजवर प्रत्येक कागदावर यजमानांची सही असे. इथे मी माझी केली.

सराव रोज पहाटे साडेपाचला, रंकाळ्यावर. येणारणींनी हवेचा पंप आणावा; माझा एकच आहे.