टायरचं वय

माझे मामू कोकणातून इंग्लंडात गेले आणि ब्लॅकबर्नच्या कापड गिरणीत लागले. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी गाडी घेतली. एमजीए. दोघांची, उघड्या टपाची. अॅबिंग्डनच्या कारखान्यात १९५५ ते १९६२ या काळात अशा लाखभर गाड्या झाल्या आणि त्यांतल्या बहुतेक परदेशी गेल्या.

मामू गेल्यावर गाडी मामेभावाकडे आली. मी त्याच्याकडे उतरलो होतो, तेव्हा घरात टायरचा वाद चालू होता. त्याला रुंद, आधुनिक टायर हवे होते. मी म्हणालो, ‘‘मामूंनी बसवलेलेच राहू देत. नक्षी बघ, कोरी आहे!’’

म्हातारा मेकॅनिक काही बोलला नाही. त्याने मला वाकायला लावून टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचायला लावले. २३०४. म्हणजे २००४ सालचा तेविसावा आठवडा. मग अंगठ्याने रबर दाबलं. केसाएवढ्या भेगा उघडल्या. टायर धावून गोटा होतो, तसा उभ्या उभ्या म्हाताराही होतो. ब्रिटनमध्ये बस आणि ट्रकच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांपेक्षा जुने टायर फेब्रुवारी २०२१पासून बंद आहेत. खासगी मोटारींना तो नियम नाही. शिवाय चाळीस वर्षांपुढच्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना २०१८पासून वार्षिक तपासणीची सक्तीही नाही. थोडक्यात, विचारणारं कुणी नाही.

मग भावाची पाळी. त्याचे १८५/६० मापाचे टायर उंचीला ६०३ मिलिमीटर. गाडीला शोभणारे १६५ रेडियल ६४५च्या आसपास. बुटके टायर लावले, तर काटा ६० मैल दाखवील तेव्हा गाडी ५६ने धावत असेल. रुंद टायर रस्ता घट्ट धरतो खरा, पण वळणावर तो सगळा ताण तारांच्या चाकांवर येतो. ती चाकं त्या जोरासाठी घडवलेलीच नव्हती.

मूळचे क्रॉसप्लाय टायर दिसायला अस्सल, पण रस्त्यावरच्या चाकोरीत गाडी ओढली जाते. शेवटी १६५ आर १५ रेडियल ठरले. स्टेपनीसकट पाच, कारण दोन जातींची सरमिसळ करायची नाही. आणि आत ट्यूब हवीच. तारांच्या भोकांतून हवा निसटते.

मी कविता लिहिणारा माणूस. जुन्याचा मान राखायचा म्हणजे त्याला हात लावायचा नाही, अशी माझी समजूत. मामू असते तर त्यांनी पहिल्यांदा ते आकडे वाचले असते.

टायर बसले. भावाने आपल्या दहा वर्षांच्या मुलीला शेजारी बसवलं आणि गाडी काढली. जुने टायर असते, तरी मी ‘बसव’ म्हटलंच असतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)