नकाशातील नावांचा शोध

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या डोंगराळ तालुक्यांत पर्जन्यवृष्टी विपुल होते; परंतु पाणी उतारावरून वाहून जाते आणि उन्हाळ्यात कित्येक पाड्यांस टँकरची वाट पाहावी लागते. अशा मुलुखात नळयोजनेच्या नकाशातून एखादा पाडा सुटणे म्हणजे तेथील घागरी रिकाम्या राहणे होय.

हे नकाशे आता संगणकावर निघतात. ऑटोकॅडसारख्या साधनात नळ, टाक्या, वस्त्या यांचे निरनिराळे थर असतात व प्रत्येक थरास नाव असते. शेकडो नावांतून हवी तेवढीच निवडण्यास चिन्हांची सोय आहे. तारकाचिन्ह कितीही अक्षरांच्या ऐवजी चालते, प्रश्नचिन्ह एकाच अक्षराऐवजी. ‘माळ’ या शब्दाआधी तारका घातली की जव्हारजवळील शिरपामाळ आणि मोखाड्यातील सूर्यमाळ ही दोन्ही नावे एकदम पुढे येतात. यासच फिल्टर, म्हणजे गाळणी, म्हणतात.

परंतु यंत्र अर्थ जाणत नाही. ते केवळ चिन्हे जुळविते. कोणी ‘सुर्यमाळ’ असे ऱ्हस्व लिहिले असेल, तर ‘सू’ने आरंभलेल्या शोधात ते गाव सापडणार नाही. १९६२ च्या लेखननियमांपूर्वी ‘गांव’ सानुस्वार लिहीत. त्या जुन्या कागदावरून उतरलेले नाव ‘गाव’ या शोधात निसटते. प्रश्नचिन्हाचीही गंमत आहे. ‘मोखाडा’ ही वाचकाच्या दृष्टीने तीन अक्षरे; युनिकोडच्या हिशेबी मात्र काना-मात्रा निराळे धरून सहा चिन्हे होतात.

पाडे पुष्कळदा मोठ्या महसुली गावाच्या पोटात मोडतात. म्हणून पाड्याच्या नावावरच सारी भिस्त असते. यास्तव आखणाऱ्याने प्रथम प्रत्येक नावाचे एकच लेखन ठरवावे आणि त्यास क्रमांक जोडावा. संशय असेल तेथे ऱ्हस्व व दीर्घ दोन्ही रूपे शोधावीत. गाळणीने झाकलेले नाव पुसले जात नाही, पण दिसतही नाही. म्हणून काम संपताच ती काढून टाकावी. शेवटी ग्रामस्थांनी तोंडी सांगितलेल्या पाड्यांची यादी नकाशाशी एकेक करून ताडून पाहावी.

शोध रिकामा आला म्हणजे पाडा नाही, असे मुळीच नव्हे. पाडा आपल्या जागी असतोच. चुकलेली असते ती लेखणी.