पाणी एक, साथ एक, मग आरोग्य खाती इतकी का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेली वाक्यं बहुतेक तशीच ठेवली आहेत.

आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष आहे. पुणे आणि आजूबाजूच्या सगळ्या परिसरासाठी मिळून एकच सार्वजनिक आरोग्य यंत्रणा असावी का? आणि असावी असं ठरलं, तर तिचा खर्च कोणी उचलायचा? लगेच स्किप करू नका. कारण हा प्रश्न तुमच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा आहे.

जानेवारी २०२५ आठवा. सिंहगड रोड, धायरी, नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला. या पट्ट्यातली माणसं अचानक रुग्णालयात दाखल व्हायला लागली. आधी जुलाब, मग काही दिवसांनी हातापायांतली ताकद जायची. काहींना थेट व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. आजाराचं नाव गुइलेन बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. यात आपली प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. बऱ्याचदा आधी एखादा संसर्ग होऊन गेलेला असतो. पुण्यात काही रुग्णांच्या नमुन्यांमध्ये कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला. तो दूषित पाण्यातून, अन्नातून पोटात जातो. साथ ओसरेपर्यंत रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला आणि काही माणसं दगावली.

त्या दिवसांत रोज संध्याकाळी आकडे यायचे. ते कसे असायचे, आठवतंय? पुणे महापालिका इतके. महापालिकेत नव्याने आलेल्या गावांतले इतके. पिंपरी-चिंचवड इतके. पुणे ग्रामीण इतके. इतर जिल्ह्यांतले इतके. साथ एक आणि रकाने पाच! आजच्या भागात मला याच रकान्यांबद्दल बोलायचंय.

आधी एक फरक स्पष्ट करू. आपण 'आरोग्य' म्हटलं की डोळ्यासमोर दवाखाना येतो, डॉक्टर येतात, बेड येतात. ते झाले उपचार. सार्वजनिक आरोग्य म्हणजे माणूस आजारीच पडू नये म्हणून केलेलं काम. पाण्यात क्लोरीन आहे का, हे रोज तपासणं. डासांची पैदास कुठे होतेय, ते शोधणं. कुठल्या भागात जुलाबाचे रुग्ण अचानक वाढले, हे आठवड्याच्या आत कळणं. लसीकरण, जन्म-मृत्यूच्या नोंदी, हॉटेलांची तपासणी, हे सगळं त्यात येतं.

या कामाची एक मोठी अडचण आहे. ते नीट झालं तर काहीच घडत नाही, आणि जे घडलंच नाही त्याचं उद्घाटन करता येत नाही. हॉस्पिटलची नवी इमारत झाली की फीत कापता येते, फ्लेक्स लावता येतो. 'यंदा या वॉर्डात कावीळ झाली नाही' असा फ्लेक्स तुम्ही कधी पाहिलाय? म्हणून पैसे वाटायची वेळ आली की हे काम मागे पडतं.

आता ते पाच रकाने. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावं २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. त्या वेळी एकूण २३ गावं घेतली. त्याआधी २०१७ मध्ये ११ घेतली होती, त्यात धायरी होतं. म्हणजे कागदावर ही सगळी शहरं झाली. पण नांदेड गावात धरणाचं पाणी विहिरीत यायचं, त्यात क्लोरीन टाकायचे आणि तेच घरोघर जायचं. शहराच्या जुन्या भागात असतं तसं शुद्धीकरण केंद्र मध्ये नव्हतं. लोक खासगी आरओ केंद्रांवरून जार आणायचे, टँकर मागवायचे. साथ आल्यावर त्या केंद्रांचंही पाणी तपासलं गेलं आणि काही केंद्रं बंद करावी लागली. गाव शहरात यायला एक अधिसूचना पुरते. शहराचं पाणी गावात यायला मात्र वर्षं लागतात. मधल्या काळात ग्रामपंचायत गेलेली असते आणि महापालिका पुरती पोहोचलेली नसते.

दुसरं उदाहरण घ्या. उरुळी देवाची आणि फुरसुंगी. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं तिथे जातो. विहिरींचं पाणी खराब झाल्याची तिथल्या लोकांची तक्रार फार जुनी आहे. २०१७ मध्ये ही गावं महापालिकेत आली. मग कर वाढला, सुविधा येईनात, लोक चिडले. शेवटी २०२४ मध्ये दोन्ही गावं बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. करापुरता तो निर्णय समजू शकतो. पण आरोग्याच्या बाजूने बघा. कचरा लाखोंच्या शहराचा आणि त्याच्या परिणामांवर लक्ष ठेवायचं एका नव्या, लहान नगरपरिषदेने!

आणि तुमच्यापैकी अनेकजण ज्या हिंजवडीत कामाला जातात, ती तर ग्रामपंचायत. समजा कोणी वाकडला राहतो, म्हणजे पिंपरी-चिंचवड महापालिका. हिंजवडीत नोकरी, म्हणजे जिल्हा परिषद. संध्याकाळी बाणेरला जेवतो, म्हणजे पुणे महापालिका. त्याला डेंग्यू झाला, तर डास नेमका कुठे चावला? ज्या हद्दीत त्याचं घर, तिथे नोंद होणार. फवारणीही तिथेच होणार. आणि डास मात्र ऑफिसशेजारच्या बांधकामावर साचलेल्या पाण्यात मजेत.

हा घोळ कोणा एका अधिकाऱ्याने केलेला नाही. राज्यघटनेत सार्वजनिक आरोग्य हा राज्याचा विषय आहे. पंचायतींच्या ११व्या परिशिष्टातही आरोग्य आहे आणि नगरपालिकांच्या १२व्या परिशिष्टातही. पुण्यात त्यात तीन कॅन्टोन्मेंटची भर, ती संरक्षण खात्याच्या अखत्यारीत. २०१५ मध्ये पीएमआरडीए आली. ती रस्ते आखते, बांधकामाला परवानगी देते. म्हणजे इमारत कुठे उठणार, हे ठरवायला प्रदेशाची एक संस्था आहे. त्या इमारतीत राहणारे आजारी पडतायत का, हे बघायला नाही.

आता थोडं मागे जाऊ. आपल्या राज्यात हा वाद अगदी पहिल्यांदा झाला तो मुंबईत. १८६५ च्या कायद्याने मुंबईला पूर्णवेळ म्युनिसिपल कमिशनर मिळाला आणि त्याच्यासोबत एक आरोग्य अधिकारीही मिळाला. कमिशनर आर्थर क्रॉफर्ड, आरोग्य अधिकारी डॉ. हेवलेट. गटारं, पाणी, मंडया, साफसफाई, कामं धडाक्यात सुरू झाली. शहर सुधारलं, हे विरोधकही नाकारत नव्हते. पण पैसा प्रचंड गेला, कर वाढले. आणि हिशोब विचारायचा कोणाला? कमिशनर करदात्यांना बांधील नव्हताच. १८७१ पर्यंत करदाते रस्त्यावर यायचे बाकी राहिले होते.

त्या वेळी तरुण फिरोजशहा मेहतांनी एक वेगळी बाजू मांडली. सभेतल्या बऱ्याच जणांना ती रुचली नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की झालेली कामं गरजेची होती. दोष कामांत नाही, कारभारावर लोकांचा ताबा नाही यात आहे. उपाय म्हणजे निवडून आलेले प्रतिनिधी. १८७२ मध्ये नवा कायदा आला. ६४ सदस्यांची महापालिका, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. मतदानाचा हक्क फार थोड्यांना होता, हे खरं. पण वादातून काय निघालं बघा. आरोग्य अधिकाऱ्याचं पद रद्द झालं नाही. ते राहिलं आणि खर्चावर लोकांची नजर आली.

पुण्याचा अनुभव याच्या बरोबर उलटा. १८९७, प्लेग. सरकारने रँडच्या हाताखाली विशेष समिती नेमली. अधिकार अफाट, सोबत गोरे सैनिक, घराघरांत झडत्या. स्थानिक माणसाला विचारायचा प्रश्नच नव्हता. पुढे काय झालं, ते आपण शाळेत शिकलोय. लोक रुग्ण लपवायला लागले. आणि रुग्ण लपले की साथ पसरते. माणसांचा भरवसा नसेल तर आरोग्य यंत्रणा कितीही ताकदवान असो, आंधळीच राहते.

म्हणजे या दोन गोष्टींतून मला दिसतं ते असं: आरोग्य खात्याला हद्द, पैसा आणि जाब, तिन्ही लागतात. एक जरी नसलं तरी गाडी अडते. आणि जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात जाब विचारणारं कोण होतं? पुणे आणि पिंपरी-चिंचवड, दोन्ही महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती. जिल्हा परिषदेचीही. सगळीकडे प्रशासक. महापालिकांच्या निवडणुका झाल्या थेट जानेवारी २०२६ मध्ये. जीबीएसची साथ आली तेव्हा नांदेड गावातल्या बाईला पाण्याबद्दल भांडायला स्वतःचा नगरसेवक नव्हता, आणि सरपंचही उरला नव्हता.

आता पैशाकडे येऊ. एकत्रित यंत्रणेची गोष्ट काढली की पहिला प्रश्न येतो, 'खर्च कोणी द्यायचा?' प्रश्न योग्य आहे. महापालिकांची स्वतःची कमाई आटत गेली आहे. पुण्यात २०१३ ला जकात गेली, एलबीटी आला, मग तोही गेला, २०१७ ला जीएसटी आला. आता मोठा हिस्सा राज्याकडून भरपाई म्हणून येतो. दुसरीकडे १५व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात आरोग्यासाठी स्थानिक संस्थांमार्फत ७०,०५१ कोटी रुपये द्यायची शिफारस केली होती, देशभरासाठी. म्हणजे आरोग्याचा पैसा स्थानिक संस्थांकडून खर्च व्हावा, हे तत्त्व मान्य झालेलं आहे. अडचण अशी की असे अनुदानाचे पैसे मुदतीचे असतात. मुदत संपते, कंत्राटी माणूस घरी जातो, मशीनवर धूळ बसते.

तमिळनाडूकडे बघा. तिथे सार्वजनिक आरोग्याचं संचालनालय उपचारांपासून वेगळं आहे, आणि १९३९ पासून सार्वजनिक आरोग्याचा स्वतंत्र कायदा आहे. त्या कायद्यातच सांगितलं होतं, की स्थानिक संस्थांनी उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा आरोग्यासाठी बाजूला काढायचा. दरवर्षी मर्जीवर सोडायचं नाही. मला पुण्यासाठी हेच हवंसं वाटतं.

यावर तीन आक्षेप येतात, तेही घेऊ.

पहिला: 'आणखी एक खातं कशाला? खुर्च्या वाढतील.' हा धोका आहेच. म्हणून नवे दवाखाने नकोत, नवी इमारतही नको. हवा एक छोटा कायमचा गट: साथरोगतज्ज्ञ, कीटकतज्ज्ञ, पाणी तपासणारी एक प्रयोगशाळा आणि सगळ्या हद्दींची माहिती एकत्र बघणारी माणसं. दवाखाने ज्यांचे त्यांच्याकडेच राहू देत.

दुसरा: 'आमच्या करातून दुसऱ्यांच्या गावाची सोय का?' कारण त्या गावाला आपण आपला कचरा देतो, आणि त्याच्या शेजारच्या धरणातून आपलं पाणी घेतो. शिवाय हे आपण आधी केलेलं आहे. पीएमपीएमएल २००७ मध्ये झाली. पुणे ६० टक्के, पिंपरी-चिंचवड ४० टक्के. बस कशी चालते यावर हवं तेवढं भांडू, पण हद्द आली म्हणून दापोडीच्या पुलावर प्रवाशांना कोणी उतरवत नाही. बससाठी वाटा ठरतो, तर पाण्याच्या तपासणीसाठीही ठरवता येईल. लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा घ्या, लहान नगरपरिषदांचा भार राज्याने उचलावा.

तिसरा: 'हे राज्य सरकारने करावं.' राज्याने जरूर पैसे द्यावेत. पण रोज सकाळी विहिरीतलं क्लोरीन बघायचं काम मंत्रालयातून होत नाही. ते जवळच्या माणसानेच करायचं असतं, आणि ज्याला गाव ओळखतं त्याने.

हिशोबही साधा आहे. जीबीएसच्या उपचारात इम्युनोग्लोब्युलिन देतात. एकेक इंजेक्शन हजारो रुपयांचं, आणि एका रुग्णाला अनेक लागतात. त्यावर आयसीयूचं बिल वेगळं. घरं कर्जात जातात. क्लोरीन त्यामानाने कवडीमोल आहे. पैसा दोन्हीकडे आपलाच जातो. एकीकडे करातून थोडा थोडा, दुसरीकडे एका रात्रीत दागिने मोडून.

मग तुम्ही काय करायचं? आता नगरसेवक आलेत. अंदाजपत्रक महापालिकेच्या वेबसाइटवर असतं, फोनवर उघडतं. त्यात आरोग्याचं पान काढा आणि बघा, इमारतींना किती आणि साथ रोखायला किती. मग आपल्या नगरसेवकाला तीन प्रश्न विचारा. आमच्या भागातलं पाणी शेवटचं कधी तपासलं आणि निकाल कुठे वाचायला मिळेल? शेजारच्या हद्दीत साथ आली तर तुम्हाला कोण कळवतं, आणि किती दिवसांत? आणि पुणे, पिंपरी-चिंचवड, जिल्हा परिषद मिळून एक यंत्रणा करायला तुमचा पाठिंबा आहे का, खर्चाच्या वाट्यासकट?

शेवटचे दोन शब्द सोडू नका. 'खर्चाच्या वाट्यासकट.' नुसत्या पाठिंब्याला कोणीच नाही म्हणत नाही.

तुमच्या भागातून काय उत्तर आलं, ते कळवा. पुणे सोडून इतर शहरांतल्या लोकांनीही कळवा; जिथे शहर वाढून गावांत शिरलंय, तिथे थोड्याफार फरकाने हीच कथा असणार. भेटू पुढच्या भागात. आणि तोवर पावसाळ्यात पाणी उकळून प्या, खातं होईल तेव्हा होईल.