‘यात तूप आहे का?’ : दूध न घेणारं कुटुंब, लहान मूल आणि पुण्यातले दोन दिवस

गटाची बैठक, वसुली, कर्जाचे हप्ते हे विषय आपण नेहमीच बोलतो. आज जरा वेगळा विषय घेतलाय. लहान मूल घेऊन दोन दिवस शहरात जायचं, आणि घरात कुणीच दूध, दही, तूप, लोणी खात नाही. मग खायचं काय, विचारायचं कसं, आणि त्या लेकराचं कसं भागवायचं?

तुम्ही म्हणाल, आपल्या दारात म्हैस आहे, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालतो, त्यावर घर चालतं. हा विषय आपला कसा? तर आधीच सांगते, दूध सोडा असं मी सांगायला आलेली नाही. मी स्वतः दुधाचा चहा पिते. पण माझी धाकटी नणंद आणि तिचे मालक यांनी तीन वर्षांपूर्वी दूध-तूप सोडलं. मांस, अंडी तर नाहीतच, मधही नाही. अशा लोकांना व्हीगन म्हणतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये तयार झाला. जनावरापासून मिळणारं काहीच खायचं नाही, असा त्यांचा नेम. कुणी दयेपोटी तो घेतं, कुणी तब्येतीसाठी. आणि काही लेकरं अशीही असतात की त्यांना दूध बाधतंच. त्यांच्या आईबापांनी काही ठरवलेलं नसतं, पण बाहेर गेल्यावर त्यांचा प्रश्न तोच असतो: ‘यात तूप आहे का?’

गेल्या हिवाळ्यात शनिवार-रविवार धरून मी त्यांच्याबरोबर साताऱ्याहून पुण्याला गेले. बरोबर तीन वर्षांची भाची. त्या दोन दिवसांत जे बघितलं, ते आज सांगते.

पहिली गोष्ट शिदोरीची. प्रवासाला निघताना आपण दशम्या करतो. पण दशमी दुधात भिजवतात, म्हणून तर ती टिकते आणि मऊ राहते. नणंदेनं गुळाच्या पाण्यात कणीक भिजवली, त्यात तीळ घातले आणि तेलावर दशम्या भाजल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मऊ होत्या. धपाट्याच्या पिठात आपण दही घालतो, तिनं टोमॅटो किसून घातला. शेंगदाण्याचे लाडू कूट आणि गूळ एकत्र कुटून केले. कुटताना दाण्याचंच तेल सुटतं, तूप लागत नाही. राजगिऱ्याचे लाडू आणि केळी घेतली. अख्खे शेंगदाणे, फुटाणे मात्र घेतले नाहीत. चालत्या गाडीत लहान पोराच्या घशात दाणा अडकला तर जिवावर बेततं. लहानांना कूटच द्यावं.

एसटीचं म्हणाल तर पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट. आपल्याला, म्हणजे बायकांना, १७ मार्च २०२३ पासून तिकिटात निम्मी सवलत आहे. अंगावर पिणारं बाळ असेल तर स्टँडवर हिरकणी कक्षाची चौकशी करा. आईचं दूध आईनं आपल्या बाळासाठीच दिलेलं असतं. ते व्हीगन घरातही चालतं आणि तेच सगळ्यात चांगलं.

आता हॉटेलची गंमत ऐका. स्वारगेटला उतरून जेवायला बसलो. नणंदेनं विचारलं, “दादा, डाळीत बटर घालता का?” तो म्हणाला, “नाही ताई, बटर अजिबात नाही. शुद्ध शाकाहारी आहे आपलं.” डाळ आली, वर तुपाचा हा एवढा तवंग. विचारलं तर म्हणाला, “ते तूप आहे ताई, बटर नाही.” तो खोटं बोलला नव्हता. त्याच्या लेखी तूप ही वेगळी वस्तू. पोर भुकेनं रडत होती. नणंद चिडली नाही. तिनं डाळ परत केली, साधा भात आणि कांदा-टोमॅटोची तेलातली भाजी मागवली. डाळीचे पैसे लागले ते लागलेच.

त्यानंतर तिनं विचारायची रीत बदलली. आम्ही व्हीगन आहोत, असं सांगून उपयोग नाही, तो शब्द सगळ्यांना कळत नाही. ‘दुधाचं काही नको’ म्हटलं तर समोरच्याला फक्त दूध आठवतं. म्हणून ती एकेक नाव घेऊन विचारायला लागली: दूध, दही, तूप, लोणी, साय, पनीर, खवा, यातलं काही घातलंय का? आणि शेवटी एक वाक्य: “फोडणी तेलाचीच ना?” जमलं तर हे वाढणाऱ्याला न विचारता आत करणाऱ्याला विचारावं. त्याला नक्की माहीत असतं.

एकदा असं विचारायला लागलो की खूप काही मिळतं. कांदेपोहे, इडली, सांबार, पुरी-भाजी, पिठलं-भाकरी, भरलं वांगं. डोसा तेलावर मागायचा, नाहीतर वरून लोण्याचा गोळा येतो. रवा इडलीत दही असतं. उपमा आणि साबुदाण्याची खिचडी बऱ्याच ठिकाणी तुपातली असते. थालीपिठाबरोबर लोणी येतं, ते नको म्हणून आधीच सांगायचं. नानच्या पिठात दही किंवा दूध असतं. तंदुरी रोटी मागितली तर वरून बटर लावू नका म्हणायचं. पंजाबी भाज्यांत साय, खवा, बटर यांतलं काही ना काही असतंच, त्यांच्या वाटेला न गेलेलं बरं. चहा कोरा, लिंबू पिळून, नाहीतर गवती चहा.

बिस्किटांचं तर विचारूच नका. पोर रडायला लागली की आपण पटकन पुडा फोडतो. पण पुष्कळ बिस्किटांत दुधाची पावडर असते. पुड्यावरचा हिरवा ठिपका शाकाहाराचा आहे, दूध नाही असं तो सांगत नाही. घटकांच्या यादीत मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, बटर, चीज यांतला एक जरी शब्द असला तरी दूध आहे. दुधासारखा बाधणारा पदार्थ असेल तर पाकिटावर तसं लिहिणं कायद्यानं बंधनकारक आहे. यादीच्या खाली ‘कंटेन्स मिल्क’ असं इंग्रजीत लिहिलेलं असतं. तेवढी अक्षरं ओळखीची करून घ्या. २०२२ पासून व्हीगन पदार्थांसाठी सरकारचं वेगळं चिन्हही आहे: हिरव्या चौकटीत इंग्रजी व्ही हे अक्षर आणि त्याला पान.

दुपारी राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो. मैत्रिणींनो, पुण्यात गेलात तर हे बघाच. दिनकर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाच्या आठवणीत ते उभं केलं आणि पुढं सरकारच्या हवाली केलं. तिथं आपल्याच आज्या-पणज्यांच्या घरातल्या वस्तू आहेत: अडकित्ते, खोबरं किसायच्या किसण्या, दिवे, भांडी. भाची प्रत्येक दिव्यापुढं थांबत होती. दुसऱ्या दिवशी सारसबाग आणि पेशवे उद्यान केलं. पेशवे उद्यानातली फुलराणी नावाची छोटी आगगाडी १९५६ सालापासूनची. जाण्याआधी ती चालू आहे ना ते विचारून घ्या, नाहीतर पोरं हिरमुसतात.

बागेबाहेर आईस्क्रीमची गाडी होती. भाचीनं माझा पदर धरला, “मामी, मला ते.” दुसऱ्या पोरांच्या हातात दिसतंय आणि हिला नाही म्हणायचं, आईच्या जिवाला लागतंच. पिशवीतला लाडू काढला, तर तिनं तोंड फिरवलं. मग नणंदेनं शहाळं घेतलं, पाणी पाजलं, आतली मलई चमच्यानं काढून हातात दिली. ‘माझी मलई’ म्हणत पोर खूश. मुलाला नुसतं नको-नको म्हटलं की ते रुसतं. त्याच्या हातात त्याचं स्वतःचं काहीतरी द्यावं लागतं. बर्फाचा गोळा आणि बर्फ घातलेला रस टाळला, कारण बर्फ कसल्या पाण्याचा ते सांगता येत नाही.

आता मी खरं ज्याच्यासाठी हा विषय घेतला, ते सांगते. शनिवारी रात्री मुक्काम नात्यातच होता, नणंदेच्या मावशींकडे. मावशी मायेच्या. जेवणं झाली आणि त्या कपभर दूध घेऊन आल्या. “अगं, तुमचं तुम्ही बघा, पण लेकराची हाडं कशी व्हायची? एवढंसं तरी पाज.” नणंद म्हणाली, “मावशी, नको. तिचं सगळं डॉक्टरांना विचारून चाललंय.” मावशी गप्प बसल्या, पण सकाळी स्वयंपाकघरात त्या मला हळूच म्हणाल्या, “तू दे गं तिला, आई आंघोळीला गेलीय तोवर.”

मी दिलं नाही. मावशींना एवढंच म्हटलं, तुम्हाला काळजी वाटते ना, मग आपण तिच्या आईलाच विचारू ती काय काय देते. नणंद आल्यावर तिनं नीट सांगितलं आणि मावशींनी ऐकूनही घेतलं.

मावशींची काळजी खोटी नाही बरं का. दूध न घेणाऱ्या लहान मुलाकडं नीट लक्ष द्यावंच लागतं. बी-१२ हे जीवनसत्त्व नुसत्या भाजी-भाकरीतून, डाळीतून भरवशानं मिळत नाही. ते कमी पडलं तर रक्तावर आणि नसांवर परिणाम होतो. म्हणून व्हीगन घरातल्या मुलाला, आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही, डॉक्टरांना विचारून बी-१२ घ्यावंच लागतं. प्रवासातही त्यात खंड पडू द्यायचा नाही. कॅल्शियमसाठी नाचणी: १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच गाईच्या दुधात साधारण १२०. शिवाय तीळ, राजगिरा, डाळी. डाळ-भाजीवर लिंबू पिळलं की लोह अंगी लागतं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी घरी केलेलं सोयाचं, बदामाचं दूध किंवा तांदळाची पेज देऊन चालत नाही. आईचं दूध नसेल तर डॉक्टरच सांगतील ते. आणि अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून घ्यायचं. वजनाची रेघ वर जातेय ना, हे बघितलं की आईची आणि आजीचीही काळजी मिटते.

पण चोरून पाजणं हा काळजीवरचा इलाज नव्हे. आमची भाची नेमाची आहे, तिला घोटभर दुधानं काही झालं नसतं. मात्र आई-मुलीतला विश्वास गेला असता. दुसऱ्या एखाद्या घरात ते पोर दुधाची ॲलर्जी असलेलं असतं तर? तिथं ‘एवढंसं’ चालत नाही. अंगावर गांधी उठते, ओठ-डोळे सुजतात, उलट्या होतात, दम लागतो. असं काही दिसलं तर वाट बघू नका, १०८ ला फोन करा. पाहुणीच्या मुलाला काय बाधतं ते तिच्या आईला माहीत असतं, आपल्याला नाही. म्हणून आई नको म्हणाली तर नको.

आणि हे पाळणं आपल्याला काही नवीन नाही. माळकरी पाहुणा आला तर आपण त्या दिवशी मटण शिजवत नाही, भांडीसुद्धा वेगळी काढतो. उपासाला भगर चालते, पण कोथिंबीर कुणाला चालते, कुणाला नाही, ते आपण विचारूनच घालतो. एकादशीला कुणी साबुदाण्यात चोरून कांदा घालतं का? मग ‘आम्ही तूप खात नाही’ म्हणणारीला ‘चिमूटभर घातलंय, कळणार नाही’ असं का म्हणायचं?

शेवटचं आपल्या गटासाठी. प्रदर्शनात, जत्रेत आपण लाडू, चिक्की, चटणी, धपाटे विकतो. शहरातली अशी कुटुंबं आपल्याच टेबलापुढं येऊन विचारतात. त्यांना हवं ते आपल्याकडं आधीपासून आहे: शेंगदाण्याची चटणी, भडंग, राजगिऱ्याचे लाडू, नाचणीचे पापड. फक्त खरं सांगायचं आणि लिहायचं. पाकिटावर सगळे घटक लिहा. दूध-तूप नसेल तर तसं लिहा. त्याच तव्यावर, त्याच कढईत तुपाचे पदार्थही करत असाल तर तेही लिहा, कारण ॲलर्जीच्या लेकराला तेवढंही बाधू शकतं. सरकारी व्हीगन चिन्ह मात्र आपल्या मनानं छापायचं नाही, त्याला परवानगी लागते. टेबलावर जी बाई बसणार आहे, तिला प्रत्येक पदार्थात काय आहे ते पाठ हवं. आणि माहीत नसेल तर सरळ सांगावं, “ताई, विचारून सांगते.” एक लाडू कमी विकला गेला तरी चालेल.

तर पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या पदार्थाचे घटक एका कागदावर लिहून आणा. आपण मिळून वाचू. आणि लेकरं घेऊन कुठं निघालात तर शिदोरी, पाणी आणि औषधं विसरू नका. नमस्कार.